वाचकांचे प्रश्न : तेहतिसाव्या वर्षी एमबीबीएस

प्रश्न : माझे वय ३३ असून पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत मी दहा वर्षे अभियंता म्हणून नोकरी करीत आहे. गेल्या वर्षी वडिलांच्या आजारपणात दोन महिने रुग्णालयात काढले, तेव्हापासून वैद्यकीय शिक्षण घेण्याचा विचार मनातून जात नाही. या वयात प्रवेश मिळतो का, वर्गातल्या मुलामुलींमध्ये निभाव लागेल का, लोक काय म्हणतील, असे प्रश्न सतत पडतात. बारावीला मी जीवशास्त्र सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतले होते. मुलगी पाच वर्षांची आहे. नोकरी सोडून ‘नीट’चा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, क्लास लावावा का?
– एक वाचिका, पुणे

उत्तर : आपल्या पत्रात वयाविषयी बरेच काही आहे आणि जीवशास्त्राविषयी एकच वाक्य, अडचण मात्र नेमकी उलट्या प्रमाणात आहे. नीटसाठी पूर्वी असलेली कमाल वयोमर्यादा मार्च २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली, आणि त्याआधीही न्यायालयाच्या परवानगीने मोठ्या वयाचे उमेदवार ही परीक्षा देतच होते. ओडिशातील एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने २०२० साली वयाच्या ६४व्या वर्षी ही परीक्षा उत्तीर्ण होऊन बुर्ला येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला होता. तेव्हा वयाचा प्रश्न येथेच सोडून देऊ.

गुणांच्या आशेने इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेऊन जीवशास्त्राला रामराम ठोकणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे, आणि अशा सर्वांसाठी वैद्यकाचे दार अनेक वर्षे बंदच होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हा नियम सैल केला. बारावी झाल्यानंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण केल्यास आता नीट देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, हा एकच विषय प्रात्यक्षिकांसह नोकरी सांभाळून करता येतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के गुण लागतात, हे लक्षात ठेवून आपली जुनी गुणपत्रिका आधी काढून पाहावी. शासकीय महाविद्यालयांतील राज्याच्या वाट्याच्या ८५ टक्के जागांसाठी महाराष्ट्रात अधिवासाबरोबरच दहावी-बारावी याच राज्यातून झालेली असणे पाहिले जाते. आपली बारावी राज्य मंडळाची आणि जीवशास्त्र दुसऱ्या मंडळाचे अशी स्थिती होणार असल्याने, शुल्क भरण्यापूर्वी राज्यातील प्रवेशप्रक्रिया राबविणाऱ्या सीईटी कक्षाकडून याविषयी लेखी खुलासा मागवून घ्यावा. ओळखीच्या कुणीतरी ‘चालतं हो’ म्हटले, एवढ्यावर विसंबू नये.

आता परीक्षेकडे वळू. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात, म्हणजे दहावीनंतर आपण ज्याचे पुस्तक उघडलेले नाही त्या विषयावर निम्मी प्रश्नपत्रिका असते. २०२५पासून १८० प्रश्न १८० मिनिटांत सोडवायचे असतात, पर्यायी प्रश्न उरलेले नाहीत आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला एक गुण वजा होतो. अभियांत्रिकीमुळे भौतिकशास्त्रात आपण इतरांच्या पुढे असाल. परंतु वनस्पतींची कुळे आणि संप्रेरकांची नावे तर्काने येत नाहीत, ती पाठच करावी लागतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की पहिले वर्ष नोकरी मुळीच सोडू नये. रोज पहाटे दोन तास एनसीईआरटीचे अकरावी-बारावीचे जीवशास्त्र वाचावे. सहा महिन्यांनी हे वाचन गोडीने चालू असेल तर क्लासचा विचार करावा, आणि कंटाळ्याने बंद पडले असेल तर पगार न गमावता उत्तर मिळाले असे समजावे.

याहून महत्त्वाचे वाटते ते कॅलेंडर. सर्व काही पहिल्या प्रयत्नात जमले तरी प्रवेशाच्या वेळी आपण ३५ वर्षांच्या असाल. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) आणि शासकीय महाविद्यालय मिळाल्यास एक वर्षाची बंधपत्रित सेवा, म्हणजे शासनाला लिहून दिलेल्या करारानुसारची नोकरी, धरली, तर बेचाळिशीच्या उंबरठ्यावर आपण नुसत्या एमबीबीएस होऊन मोकळ्या होता. एमडीची, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाची, जागा लगेच मिळाली, तरी त्यापुढे आणखी तीन वर्षे. सिद्धान्ताच्या तासांना ७५ आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती बंधनकारक असल्याने घरून काम करीत शिकण्याची सोय नाही, आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत पदवी पूर्ण करावीच लागते. खासगी महाविद्यालयाचे शुल्क वर्षाला काही लाखांच्या घरात असते; घराचा हप्ता चालू असेल तर त्यासह याचा हिशेब पतीबरोबर बसून कागदावर मांडावा. मुलगी दहावीच्या उंबरठ्यावर असेल त्या वर्षी आपण रात्रपाळीला असाल, हेही त्याच कागदावर लिहावे.

निभाव लागेल का, असे आपण विचारता. शवविच्छेदनाच्या टेबलाभोवती, फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत असताना, बाहूतील मज्जातंतूंचे जाळे ओळखता न आल्यास अठरा वर्षांच्या सहाध्यायीइतकेच आपलेही अडते. तेथे वयाने मोठे असण्याचा ना तोटा, ना फायदा. वॉर्डात मात्र फरक पडतो. नातेवाइकांच्या बाकावर दोन महिने बसून आलेली व्यक्ती रुग्णाशी कशी बोलते, हे शिकवावे लागत नाही.

अखेरीस एक प्रश्न मलाही विचारावासा वाटतो : एमडी झालेच नाही आणि गल्लीतला दवाखाना चालवावा लागला, तर आपण समाधानी असाल का? उत्तर ‘हो’ असेल, तर एनआयओएसचा अर्ज भरावा. ओढ उपचारांपेक्षा रुग्णालयाचा गोंधळ सुधारण्याची असेल, तर रुग्णालय व्यवस्थापन किंवा सार्वजनिक आरोग्य या विषयांतील दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आपल्या अनुभवाला अधिक जवळची आहे, आणि तिला नीट लागत नाही.

प्रश्न : मी ४० वर्षांचा असून बी.फार्म. आहे. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो का? परदेशात नीटशिवाय काम होते, असे एक एजंट सांगतो.
– एक औषधविक्रेता, सांगली

उत्तर : थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश देण्याची तरतूद आपल्याकडे नाही. परदेशात शिकून भारतात व्यवसाय करायचा असेल, तर २०१८पासून नीट उत्तीर्ण असणे सक्तीचे आहे. शिवाय इंग्रजी माध्यमातून किमान ५४ महिन्यांचे शिक्षण, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता, परतल्यावर ३०० गुणांपैकी किमान १५० गुण मागणारी पात्रता परीक्षा आणि येथे पुन्हा एक वर्षाची आंतरवासिता, असा हा क्रम आहे. एजंटाने आगाऊ रक्कम मागितली असल्यास, नीटचे गुणपत्रक हाती येईपर्यंत ती देऊ नये.