पोर ताट घेऊन खोलीत जातं तेव्हा

एका ताईंनी विचारलंय, मुलगा पंधराचा झालाय, सकाळी तोंडात काही घालत नाही, शाळेतून आला की पाकिटं फोडत बसतो आणि रात्री ताट उचलून खोलीत पळतो, काय करू? ताई, आधी मलाच सांगा, रात्री टेबलावर तुम्ही तरी बसता का? बाबा ऑफिसच्या कॉलवर, आई ओट्यापाशी उभ्याउभ्या दोन घास खातेय, असं असेल तर तो एकटा कोणासाठी बसणार तिथे.

सकाळचं फार मनावर घेऊ नका. या वयात झोपेचं घड्याळच उशिराकडे सरकतं, झोप 8 ते 10 तास हवी असते आणि शाळा लवकर, मग उठल्याउठल्या भूक कुठून येणार, बरोबर काहीतरी द्या. दुपारची भूक मात्र खरी असते, वाढीची असते, तिला नावं ठेवू नका. त्या वेळी जे हाताला लागेल तेच पोटात जातं, म्हणून कापलेली फळं, उकडलेली अंडी फ्रीजमध्ये समोरच ठेवा आणि पाकिटं मुळात कमी आणा. आणून कुलूप लावायचं असं मात्र नको हं! फिशर आणि बर्च या दोघी संशोधकांनी 1999 मध्ये लहान मुलांवर प्रयोग केले होते, समोर दिसतंय पण घ्यायचं नाही असा खाऊ मुलांना उलट जास्तच हवासा झाला. आपली तर मोठी आहेत, बाहेर जाऊन खातील, आपल्याला पत्ताही लागणार नाही.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांची वाटणी मला पटते. काय, कधी, कुठे हे आईबापांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. आपण नेमकं उलटं करतो, वेळ त्याच्यावर सोडतो आणि घास मोजत बसतो.

आणि वजन! हे जरा कडक सांगते. मिनेसोटा विद्यापीठाच्या 2013 च्या अभ्यासात दिसलं की जिथे आईवडील मुलांच्या वजनावर बोलतात तिथली मुलं डाएटिंग आणि वजन कमी करायच्या चुकीच्या उपायांकडे जास्त वळलेली असतात, पौष्टिक खाण्याबद्दल बोललं तर तसं होताना कमी दिसतं. त्यामुळे व्हिडिओ कॉलवर आजी "किती जाड झालास रे" म्हणाली की विषय बदला, आजीला नंतर वेगळा फोन करून सांगा, ती समजून घेते (बहुतेक). पण पोर जेवण टाळतच असेल, लपवून खात असेल किंवा जेवल्यावर उलट्या काढत असेल तर सल्ले विचारत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे जा.

आठवड्यातून तीन रात्री टेबलावर एकत्र जेवण्यापासून सुरू करा, रोजचा हट्ट नको. फोन सगळ्यांचे बाजूला, तुमचाही. आणि त्या अर्ध्या तासात मार्कांबद्दल एक अक्षर काढायचं नाही, नाहीतर चौथ्या रात्री तो परत ताट घेऊन खोलीत.