राज्यशास्त्रात एम.ए. : आधी ठरवा, उत्तरं कुठल्या भाषेत लिहिणार?

"मॅडम, राज्यशास्त्रात एम.ए. करून ही काय इलेक्शनला उभी राहणार हाय?" खुर्चीत बसायच्या आधीच वडिलांनी विचारलं. घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, काम बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत. पाळी संपवून तसेच आले होते. मुलगी नुकतीच बी.ए. झालेली. तिला एम.ए. करायचं होतं, त्यांना वाटत होतं बी.एड. करावं. निकाल लागले की असं एखादं घर सल्ल्यासाठी माझ्याकडे येतंच, म्हणून ओळख पटणार नाही अशा बेतानं हे लिहिते आहे.

वडिलांना चहाला पाठवलं आणि तिला विचारलं, तुला स्वतःला भीती कशाची वाटते? ओढणीचं टोक पिळत ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो. बी.ए.चे पेपर इंग्लिशमध्ये लिहिलो, पण सगळं पाठ करून. एम.ए.ला पाठ करून चालतंय काय?" (आमच्याकडे मुलीही 'शिकलो'च म्हणतात.)

घरातलं भांडण नोकरीवरून, पण हिच्या पोटातला गोळा भाषेचा होता. मी तिला दोन कोरे कागद दिले. म्हटलं, भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क, एकदा मराठीत लिही, एकदा इंग्रजीत. इंग्रजीत चार ओळी झाल्या, चारही गाइडमधल्या. मराठीत पान भरलं. 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात (म्हणजे आजच्या कर्नाटकात) गेलं, त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीनं 350अ आणि 350ब ही कलमं आली, पहिल्यात मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण, दुसऱ्यात भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी, सगळं क्रमानं. आणि शेवटी तिनं आपल्या आजीच्या पेन्शनचा कागद घातला होता. पंचायतीतून आलेला तो कन्नड कागद घरात हिच्याशिवाय कुणालाच वाचता येईना. राज्यशास्त्र कळलेली मुलगी ती हीच, हे मला तिथंच पटलं.

वडील आल्यावर नोकरीचं बोललो. प्राध्यापक व्हायचं तर नुसत्या एम.ए.वर भागत नाही, नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा लागते. इथं आमची मुलं फसतात. सेट ज्या राज्याची, त्याच राज्यात चालते. महाराष्ट्राची सेट घेऊन बेळगावातल्या कॉलेजात अर्ज करता येत नाही. नेट दोन्हीकडे चालते, पण तिची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. पेपर दोन, प्रश्न 150, गुण 300, वेळ तीन तास. खुल्या गटाला एम.ए.ला 55 टक्के हवेत, म्हणून पहिल्या सेमिस्टरपासूनच गुण सांभाळायचे. यूपीएससीला राज्यशास्त्र वैकल्पिक घेतलं तर मिळून 500 गुणांचे दोन पेपर, तेही मराठीतून लिहिता येतात. केएएसच्या (कर्नाटक प्रशासकीय सेवेच्या) मुख्य परीक्षेला मात्र कन्नडचा पेपर चुकत नाही.

"आणि बी.एड.?" वडिलांनी विचारलं. मी म्हटलं, मामा, पीयू कॉलेजात (अकरावी-बारावीला) लेक्चरर व्हायला एम.ए. आणि बी.एड. दोन्ही मागतात. तुमचं खोटं नाही, फक्त ते दोन वर्षांनी करायचं.

राहिला प्रश्न कुठं शिकायचं याचा. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ जवळ, रोज घरी येता येतं, पण तिथं कन्नड किंवा इंग्रजीतून लिहावं लागणार. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात मराठीतून लिहिता येतं, पण राहण्या-जेवणाचा खर्च अंगावर. ते भरलेलं पान बघून मी कोल्हापूर सुचवलं. एक अट घातली: रोज दोन पानं इंग्रजी पुस्तकातली वाचायची आणि मराठीत स्वतःच्या शब्दांत मांडायची. नुसतं मराठीत राहिली असती तर नेटच्या दारात अडली असती, आणि पहिल्या दिवसापासून नुसती इंग्रजी धरली असती तर पुन्हा पाठांतर.

वडिलांनी टेबलावरचा मराठी कागद उचलला. बोट ठेवत ठेवत, सावकाश, शेवटपर्यंत वाचला. आजीच्या पेन्शनच्या ओळीवर थांबले.

"आईचं लिवलंय की हिनं," म्हणाले. कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. मग मला विचारलं, "पोरींच्या हॉस्टेलचा फॉर्म कॉलेजच्या फॉर्मबरोबरच भरायचा, का वेगळा?"