फ्लशची टाकी रात्रभर गळते, कमोडच बदलायचा का?

प्रश्न : नमस्कार. आम्ही लातूरला राहतो, घरात दोघंच. गच्चीवर ५०० लिटरची टाकी आहे, ती चार दिवस आरामात पुरायची, गेल्या महिन्यापासून तीन दिवसांतच खडखडाट. सगळे नळ बघितले, कुठे थेंब नाही. रात्री मात्र संडासातून बारीक सूं असा आवाज येतो, थांबतो, थोड्या वेळाने परत येतो. प्लंबर म्हणाला कमोड जुना झालाय, टाकीसकट सगळं बदलून टाका. खालची फरशी तर कोरडी ठणठणीत आहे, मग गळतंय तरी कुठे? – एक वाचक ताई, लातूर

उत्तर : ताई, कमोड अजिबात बदलू नका, निदान आत्ता तरी नाही. तुमचं पाणी फरशीवर येतच नाहीये, ते फ्लशच्या टाकीतून थेट कमोडमध्ये आणि तिथून ड्रेनेजला चाललंय, म्हणून दिसत नाही. पूर्वी साखळीच्या उंच टाक्या असायच्या ना, त्यांचा ओव्हरफ्लोचा पाइप बऱ्याच घरांत भिंतीतून बाहेर काढलेला असायचा, फ्लोट (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता भाग) बिघडून टाकी भरून वाहायला लागली की गल्लीतल्या माणसालाही कळायचं. आता ओव्हरफ्लो आतल्या आतच सोडलेला असतो, त्यामुळे महिनोन्‌महिने पाणी जातं आणि घरात पत्ता नसतो.

तो थांबून थांबून येणारा आवाज म्हणजे टाकी परत भरण्याचा आवाज. कुणी फ्लश केलेलं नसताना टाकी भरतेय म्हणजे खालून रिकामी होतेय. खात्री करायची तर झोपण्याआधी झाकण उचला (जड असतं, दोन्ही हातांनी धरा आणि खाली पोतं टाकून त्यावर ठेवा, चीर गेली की नुसतं झाकण सहसा मिळत नाही), पाण्याच्या पातळीवर आतून पेन्सिलने रेघ मारा, खालचा अँगल कॉक (फ्लशच्या टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करा आणि तासभर फ्लश वापरू नका. पाणी रेघेखाली उतरलं तर फ्लश व्हॉल्व्हच्या (फ्लश दाबल्यावर पाणी सोडणारा मधला भाग) बुडाचा वॉशर गळतोय. रेघेवरच राहिलं तर दोष वरच्या फ्लोटचा, तो वेळेवर पाणी बंद करत नाही आणि जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून जातं, तेव्हा फ्लोटचा स्क्रू फिरवून पातळी नळीच्या तोंडाच्या इंचभर खाली आणायची. अँगल कॉक बंद ठेवून टाकीत खायचा रंग टाकूनही कळतं, अर्ध्या तासात कमोडच्या भांड्यात रंग उतरला तर वॉशरच.

तुमच्याकडे वॉशरच निघेल असं मला वाटतं, कारण आवाज थांबतोय. आणि हिशोबही जुळतो बघा. तासाला दोन बोटं पाणी उतरलं तर साधारण फ्लशच्या टाकीत ते दीड लिटर होतं, दिवसाला ३६ लिटर, महिन्याला हजाराच्या वर. तुमची गच्चीवरची टाकी चाराऐवजी तीन दिवसांत संपते म्हणजे रोजचं चाळीसेक लिटर कुठेतरी जातंय. २०१६ ला ज्या गावात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या गावात एका वॉशरपायी एवढं पाणी गटारात जावं हे खरंच जिवाला लागतं.

आता दुरुस्ती. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर क्षार भरपूर असतात, तेच वॉशरवर आणि तो बसतो त्या कडेवर पांढरे खडे होऊन चिकटतात आणि वॉशर नीट बसत नाही. अँगल कॉक बंद, फ्लश करून टाकी रिकामी, मग मधला व्हॉल्व्ह डावीकडे थोडा फिरवून वर उचला, बऱ्याच टाक्यांत तो असाच निघतो. बुडाला रबराची किंवा सिलिकॉनची चकती, म्हणजे तोच वॉशर, दिसेल, बोट फिरवलं की खरखर लागेल. व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, खालची बैठकही पुसा. चकती कडक झाली असेल, वाकडी झाली असेल तर तीच घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा, तोंडी माप सांगून आणलेली बसत नाही. कमोड साफ करायचं ॲसिड मात्र टाकीत ओतू नका, रबर खराब होतं.

एक सांभाळा, अँगल कॉक वर्षानुवर्षं फिरवलेला नसेल तर जाम असतो, पान्याने जोर लावला तर मोडून पाण्याचा फवारा उडतो. आधी गच्चीवरच्या टाकीचा मेन कॉक कुठे आहे ते बघून ठेवा, आणि हलत नसेल तर तो मेन कॉकच बंद करून काम करा.

प्रश्न : आमच्या बाथरूमच्या छतावर ओल आलीये, बरोबर वर दुसऱ्यांचा संडास आहे. वरच्या काकू म्हणतात आमच्याकडे सगळं कोरडं आहे. भांडण नकोय, काय करू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काकू खरंच बोलत असतील, स्लॅबमधलं गळणं वरच्याला दिसत नाही. आधी थेंब कधी पडतात ते दोन दिवस वहीत लिहा. चोवीस तास सारखं टपकत असेल तर प्रेशरची पाण्याची लाइन, वर फ्लश केल्यावरच येत असेल तर कमोडचा ट्रॅप (खालचा पाणी साठून राहणारा वाकडा पाइप) नाहीतर त्याचा जॉइंट, आंघोळीनंतर येत असेल तर नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा तसाच भाग) किंवा फरशीच्या फटी. मग काकूंना खाली बोलावून वहीसकट दाखवा आणि त्यांच्या समोरच वर नहाणीत रंगाचं पाणी सोडायला सांगा. रंग उतरायला एखादा दिवसही लागतो, लगेच नाही आला म्हणून सोडून देऊ नका. खर्चाचं म्हणाल तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास, सिंक अशा आतल्या गळतीचा खर्च त्या फ्लॅटवाल्याचा, आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती असेल तर सोसायटीचा. म्हणून फरशी फोडायच्या आधी डक्टमधला (इमारतीचे पाइप जातात ती उभी मोकळी जागा) उभा पाइप सेक्रेटरींना सोबत घेऊन एकदा बघून या.