आधी ‘हो, चालेल’, मग काम काय ते

“एकदा नाही म्हटलं ना मॅडम, की पुढचा फोन दुसऱ्याला जातो.” घरबसल्या लिखाणाची कामं घेणारे बहुतेक जण समुपदेशनाला आले की माझ्यासमोर पहिल्या दहा मिनिटांत हेच बोलतात. ही लेखिकाही तेच बोलली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ऐन सप्टेंबरात आली होती. हातात मालिकेचे संवाद, एका कंपनीचा अनुवाद आणि दोन दिवाळी अंकांच्या कथा. झोप उडालेली, संपादकाचं नाव स्क्रीनवर दिसलं तरी चिडचिड, आणि लिहिलेलं सगळं भिकार वाटायचं. थकवा, कामाबद्दल कडवटपणा, आपल्याच्यानं काही होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली बर्नआउटची व्याख्या केली ती याच तिन्हींवर, आणि त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटलं. “म्हणजे मी आळशी झालेली नाही ना?” तिनं विचारलं. नैराश्य तर नाही ना, हे मात्र आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यायला लावलं.

बोलता बोलता तिच्या मांडीवरचा फोन थरथरला. अंगठा झरझर फिरला: ‘हो, चालेल.’

“काय काम आहे?”

“अजून वाचलं नाही.”

‘सकाळी फिरायला जा’ वगैरे सांगून मी पहिली भेट वाया घालवली होती. आता वेळ कुठे जातो याची पंधरा दिवसांची वही लिहायला सांगितली. लिहिण्यात जेमतेम चार तास जात होते; बाकीचा दिवस ‘थोडंसं बदलून द्या’ आणि ‘बिलाचं काय झालं?’ यांत. आणि सगळ्यात पटकन ‘हो’ जात होतं ते मार्चपासून पैसे थकवलेल्या माणसाला. नाही म्हटलं तर मागचेही बुडतील, ही धास्ती.

मग नियम ठरला: उत्तर दुसऱ्या दिवशी, वही बघून. नव्या कामाला निम्मे पैसे आगाऊ, दुरुस्त्या दोनदाच. तिनं उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणीही केली. २००६च्या कायद्यानं नोंदणीकृत छोट्या व्यावसायिकाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. धमकी तिनं कुणाला दिली नाही, पण बिलाखाली ‘सवडीनं पाहा’ लिहिणं थांबलं.

एका अंकाची कथा तिनं दिलीच नाही. ते संपादक रागावले, पुन्हा फोन नाही. भीती अगदीच खोटी नव्हती, हे मी तिच्याशी कबूल केलं. मार्चचे पैसे ऑक्टोबरअखेर आले, तेही निम्मे. उरलेल्यांसाठी ती दर सोमवारी एकच मेसेज टाकते.