४० हजारांत ५५ इंची टीव्ही घ्यावा का?

प्रश्न : सोफ्यापासून भिंत ८ फुटांवर आहे. बजेट ४० हजार. ५५ इंची घ्यावा की ४३ इंची? दुकानदार क्यूएलईडीचा आग्रह धरतोय.

उत्तर : ८ फुटांवर ५५ इंच योग्यच, ४३ इंची लहान वाटेल. आधी भिंत मोजा: ५५ इंची टीव्हीची रुंदी साधारण १२३ सेंटिमीटर भरते. टेबलावर ठेवणार असाल तर दोन पायांमधलं अंतरही विचारा. बऱ्याच मॉडेलांत पाय अगदी टोकाला असतात आणि जुन्या कॅबिनेटवर मावत नाहीत.

क्यूएलईडीमुळे (एलईडी पडद्यातच सूक्ष्म कणांचा जादा थर) रंग खुलतात, पण मागचा प्रकाश साध्या एलईडीसारखाच असतो. म्हणून खोक्यावरच्या ‘एचडीआर’ला (उजेड-अंधारातला फरक ठळक दाखवणारं चित्र) भुलू नका. स्वस्त पडद्याचा उजेड ३०० निट्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास असेल, तर एचडीआर चित्र उलट अंधारं दिसतं. त्यापेक्षा पॅनेल, म्हणजे पडद्याचा प्रकार व्हीए आहे की आयपीएस, ते विचारा. समोर बसूनच बघत असाल तर व्हीए घ्या, काळा रंग गडद दिसतो. घरचे बाजूला, जमिनीवर बसत असतील तर आयपीएस बरा.

दुकानात टीव्ही भडक ‘व्हिव्हिड’ मोडवर असतो. तो ‘सिनेमा’वर आणायला सांगा, मगच तुलना करा. रॅम किमान २ जीबी हवी, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत अॅप अडखळू लागतात. अशा वेळी टीव्ही बदलू नका, स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीला जोडून अॅप चालवणारं छोटं उपकरण) लावा. साध्या एसडी (कमी स्पष्टतेच्या) वाहिन्या मोठ्या पडद्यावर धूसरच दिसणार, त्यासाठी एचडी सेट-टॉप बॉक्स लागेल.

पाच-सहा हजार साउंडबारसाठी राखून ठेवा; पातळ टीव्हीत संवाद नीट कळत नाहीत.