दारात कुणी येऊ नये म्हणून लांबचे मूल?

प्रश्न : आमच्या लग्नाला तेरा वर्षे झाली. माझे वय 38, यजमानांचे 42. औषधोपचार थांबवून आम्ही दत्तकासाठी केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदणी केली, घरी येऊन चौकशीही झाली. त्याला आता वीस महिने होत आले. माझे धाकटे दीर इथिओपियातील एका विद्यापीठात प्राध्यापक आहेत. तिथल्या एका अनाथालयातील सात महिन्यांच्या मुलीचे छायाचित्र त्यांनी पाठवले आहे. संस्थेला देणगी दिल्यास मुलगी आधी दिरांच्या नावे घेऊन पुढे स्टॅम्पपेपरवर आम्हांला देता येईल, असे तिथला मध्यस्थ सांगतो. सासूबाई म्हणतात, इतक्या लांबचे लेकरू असले की उद्या त्याचे आईबाप दारात येणार नाहीत. आम्ही काय करावे? – एक वाचक, उदगीर

उत्तर : ताई, आपण पत्रासोबत ते छायाचित्रही पाठवले आहे. लोकरीची पिवळी टोपी एका कानावर सरकलेली आणि मूठ तोंडाशी नेलेली ती मुलगी पाहिल्यावर आपली झोप का उडाली असेल, हे मला कळते. तरीही उत्तर 'नाही' असेच द्यावे लागते, आणि त्याची कारणे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

पहिले कारण सरळ आहे. इथिओपियाने जानेवारी 2018 मध्ये परदेशी नागरिकांना मुले दत्तक देणे कायद्याने बंद केले. आपले दीर तिथे नोकरी करत असले तरी ते परदेशी नागरिकच ठरतात. ज्या देशात मार्गच बंद आहे, तिथे मध्यस्थ देणगी मागतो तेव्हा ती देणगी नसून मुलाची किंमत असते, आणि तो व्यवहार आपल्या हातून होऊ नये असे मला कळकळीने वाटते.

हा मार्ग बंद का झाला, हे समजून घेण्यासारखे आहे. एके काळी अमेरिकेत सर्वाधिक मुले दत्तक पाठवणाऱ्या देशांत इथिओपियाची गणना होत असे. पुढे असे उघड झाले की, अनेक आईबापांना मूल शिकायला जाते आहे, मोठे होऊन परत येईल, असे सांगून त्यांची संमती घेतली होती. दक्षिण कोरियातही जिवंत आईबाप असलेल्या मुलांना कागदोपत्री अनाथ दाखवून परदेशी पाठवले गेले, असा निष्कर्ष तिथल्या सरकारी सत्यशोधन आयोगाने मार्च 2025 मध्ये काढला.

आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. बीड जिल्ह्यातील एका हंगामी वसतिगृहात पाचवीतल्या एका मुलाने उशाखाली आईचे जुने लुगडे घडी करून ठेवलेले मी पाहिले आहे. दिवाळीनंतर त्याचे आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्याच्या फडावर गेले होते आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परतणार होते. त्या चार-पाच महिन्यांत एखाद्या परक्या माणसाने त्या मुलाचे छायाचित्र काढून कुणा अपत्यहीन दांपत्याला पाठवले असते, तर तेही मूल अनाथच दिसले असते. अनाथालयात असलेले प्रत्येक मूल अनाथ नसते. गरिबी, आजारपण किंवा दुष्काळ यांमुळे तात्पुरते ठेवलेले लेकरूही तिथे असते.

म्हणूनच आपल्याकडे सोडून दिलेले मूल सापडले की ते लगेच दत्तक दिले जात नाही. बाल कल्याण समिती आधी त्याच्या पालकांचा शोध घ्यायला लावते. दोन वर्षांपर्यंतचे मूल असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत ते दत्तकासाठी मुक्त ठरवायचे असते. आईने स्वतः मूल सुपूर्त केले असले तरी फेरविचारासाठी तिला दोन महिने मिळतात. आपल्याला जो उशीर वाटतो, त्यातील काही काळ असा कुणा आईसाठी राखलेला असतो.

परदेशातील मूल भारतीयांना दत्तक घेताच येत नाही, असे मात्र नाही. ज्या देशाचा कायदा परवानगी देतो, तिथली प्रक्रिया आधी पूर्ण करावी लागते. नंतर गृहअध्ययन अहवाल (घरी येऊन केलेल्या चौकशीचा अहवाल), मुलाचा अहवाल आणि त्याची वैद्यकीय तपासणी पाहून, आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या हेग करारानुसार आवश्यक असेल तिथे, 'कारा' ही दत्तकाचे काम पाहणारी आपली केंद्रीय संस्था मान्यता देते. मूल परदेशी पासपोर्टवर येणार असेल तर भारतीय वकिलातीकडून व्हिसा घ्यावा लागतो. स्टॅम्पपेपर यात कुठेच बसत नाही.

आता आपल्या नोंदणीविषयी. ती कृपा करून रद्द करू नका. लहान बाळासाठी तीन वर्षांहून अधिक वाट पाहावी लागते, हे कठीण आहे. परंतु आपल्या दोघांच्या वयांची बेरीज 80 होते, दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ती मर्यादा 85 आहे, आणि वय नोंदणीच्या दिवशीचे धरले जाते. गृहअध्ययन अहवाल तीन वर्षे ग्राह्य असतो, त्याची तारीख एकदा पाहून ठेवा. मुलाची माहिती आली की 48 तासांत ते राखून ठेवावे लागते, म्हणून नोंदवलेला मोबाइल क्रमांक बदलू नका. दोन ते चार वर्षांच्या मुलाचा विचार मनाला पटत असेल, तर लातूरच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन बोला. तीन वर्षांची मुलगी मांडीवर बसून पहिल्यांदा 'आई' म्हणते, ते सुख कमी प्रतीचे असते असे मला कुणा दत्तक मातेने सांगितलेले नाही.

सासूबाईंची भीती मात्र निराळी आहे, आणि त्यांच्याशी बोलताना ती हसण्यावारी नेऊ नये. कायदेशीर दत्तकविधानानंतर जन्मदात्यांचा मुलावर हक्क उरत नाही, ते मूल पूर्णपणे आपलेच होते, हे त्यांना निःशंकपणे सांगा. त्याचबरोबर हेही सांगा की, अठरा वर्षांचे झाल्यावर स्वतःच्या मुळाचा शोध घेण्याची मुभा आपल्या नियमांनीच मुलाला दिली आहे. तेव्हा दारात कुणी आलेच तर प्रश्न विचारायला येईल ते आपलेच लेकरू, आणि त्याच्यापुढे ठेवायला आपल्याजवळ खरे कागद असले पाहिजेत. दिरांना आज रात्रीच फोन करून पैसे पाठवू नका असे कळवा, आणि त्यांनी काही रक्कम आधीच दिली असेल तर मध्यस्थाशी पुढचा संपर्क थांबवून तिथल्या भारतीय वकिलातीला लेखी माहिती द्यायला सांगा.