नीटचा दुसरा प्रयत्न की वेदनेवर संशोधन?

प्रश्न : आम्ही सोलापूरला अक्कलकोट रोडला राहतो. मी टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मुलगी यंदा बारावी झाली, ८१ टक्के. नीटमध्ये सरकारी कॉलेज मिळेल एवढे मार्क नाहीत. माझ्या बहिणीचा पाय शुगरमुळे गुडघ्याखाली काढावा लागला. नसलेल्या पायाची बोटं दुखतात म्हणून ती रात्री रडते, मुलगी तिच्याजवळच झोपते. आता मुलगी म्हणते, रिपीट करणार नाही, वेदना आणि मज्जासंस्थेवर संशोधन करणार. अकरावीत गणित सोडलंय. यात पोट भरतं का? की नीट जमली नाही म्हणून काढलेली ही पळवाट आहे?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : नमस्कार. आधी बहिणीबद्दल लिहितो, कारण ते लांबणीवर टाकण्यासारखं नाही. कापलेल्या पायाची बोटं दुखणं हा मनाचा खेळ नाही, हे घरात सगळ्यांना सांगा. पाय गेला तरी मेंदूत त्या पायाची जागा शिल्लक असते, आणि कापलेल्या मज्जातंतूंची टोकं संदेश पाठवत राहतात. यावर औषधं आहेत. आरशाचा उपचारही आहे : चांगल्या पायाशेजारी आरसा असा ठेवायचा की त्यातलं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसावं, आणि ते बघत चांगला पाय हलवायचा. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण काहींना येतो. सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञांच्या विभागात चौकशी करा, जुनाट वेदनेचे रुग्ण बरेचदा तेच बघतात.

हा आरशाचा उपाय १९९० च्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन यांनी शोधला. त्यांनी चेन्नईच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस केलं आणि मग केंब्रिजला पीएचडी. म्हणजे डॉक्टर होऊन संशोधनात जाता येतं. उलट २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्या दोघांना मिळालं, ते डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन, दोघंही डॉक्टर नाहीत, थेट विज्ञानातून आले. ज्युलियस यांनी काय केलं हे मुलीला माहीत असेल, तुम्हीही ऐका. आपल्या शेंगाचटणीतल्या तिखटाने तोंड का भाजतं? मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूवरचं एक दार उघडतं. साधारण ४३ अंशांच्या वर तापमान गेलं की हेच दार उष्णतेनेही उघडतं, म्हणून मेंदूला तिखट आणि चटका एकच वाटतो. हे दार त्यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधलं. पुढे, २०२० मध्ये, याच कॅप्सेसिनची तीव्र पट्टी मधुमेहींच्या पायांच्या वेदनेवर वापरायला अमेरिकेत परवानगी मिळाली. तुमच्या घरातल्या दुखण्याच्या अगदी जवळचा हा विषय आहे.

आता पळवाटीचं. मुलीला शांतपणे एवढंच विचारा : आत्याचं दुखणं थांबवायचंय, की ते का होतं हे शोधायचंय? दोन्ही उत्तरं तितकीच मोलाची, पण रस्ते वेगळे. पहिलं उत्तर आलं तर नीटचा एक, फक्त एक, प्रयत्न अजून करणं योग्य. पुढे एमबीबीएस, मग भूलशास्त्रात एमडी, मग पेन मेडिसिन, म्हणजे वेदनेवरच्या उपचारांचं शिक्षण. फिजिओथेरपीचाही विचार करावा. दुसरं उत्तर आलं, आणि ती कुणी न सांगता याबद्दल वाचत असेल, तर तिला रिपीटच्या क्लासला बसवू नका. मन दुसरीकडे असताना घातलेलं वर्ष फुकट जातं.

पोट भरतं का? सरळ सांगतो. पीएचडीला सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि नंतर ४२ हजार, वर घरभाडे भत्ता. चोवीस-पंचविसाव्या वर्षापासून ती स्वतःचा खर्च भागवू शकते. पण पदवीपासून पीएचडीपर्यंत दहा-अकरा वर्षं जातात, त्यानंतर पोस्ट-डॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं हंगामी संशोधन, आणि कायमची जागा मिळेपर्यंत पस्तिशी येऊ शकते. अशा जागा मोजक्या आहेत. औषधकंपन्यांच्या प्रयोगशाळांत कामं मिळतात, तरी डॉक्टरच्या कमाईशी तुलना करू नका. घरात कर्ज असेल किंवा धाकट्यांचं शिक्षण तिच्यावर अवलंबून असेल, तर हे सगळं तिच्यासमोर मांडा. ती लहान नाही.

धीर किती लागतो तेही तिला कळू द्या. २००६ मध्ये पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत जन्मतः वेदनाच न जाणवणारी मुलं अभ्यासली गेली. त्यांच्या एससीएन९ए या जनुकात बिघाड होता, त्यामुळे मज्जातंतूंमधली सोडियमची एक वाट बंद पडली होती. ती वाट औषधाने बंद करायचे बरेच प्रयत्न फसले. शेवटी तिच्या भावंडासारख्या दुसऱ्या वाटेवर काम करणारं सुझेट्रिजिन हे औषध जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेही तीव्र, अल्पकाळच्या वेदनेसाठी. एकोणीस वर्षांत कितीजणांची उमेद गेली असेल.

आणखी एक गोष्ट क्लासवाले सांगत नाहीत. वेदनेचं बरंचसं संशोधन उंदरांवर होतं. त्यासाठी संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी लागते, नियम कडक आहेत, तरीही एखाद्या जिवाला दुखतंय की नाही हे मोजणं हेच ते काम. आत्याच्या रडण्याने झोप उडणाऱ्या मुलीला ते झेपेल का, हे तिनेच ठरवायचं. पेशींवर, माणसांवरच्या चाचण्यांत किंवा संगणकावर काम करणारे गटही आहेत.

गणित सोडल्याने दार बंद होत नाही. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांच्या आयएटी या प्रवेश परीक्षेला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित यांपैकी तीन विषय बारावीला असले तरी चालतात. परीक्षेत मात्र ६० पैकी १५ प्रश्न गणिताचे असतात, तेव्हा अकरावी-बारावीचं गणित तिने घरी सुरू करावंच. मज्जातंतूंचं काम विजेचं आहे, गणित पुढेही लागणार. यंदाची मुदत गेली, अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये निघतात. बारावीनंतर किती वर्षं परीक्षा देता येते, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा.

तोवर वर्ष रिकामं ठेवू नका. वालचंद, संगमेश्वर किंवा दयानंदला बीएस्सीला प्रवेश घ्या. आयएटी निघाली तर पुण्याच्या आयसरसारख्या ठिकाणी पाच वर्षांचं बीएस-एमएस. नाही निघाली तर बीएस्सी पूर्ण करून जॅम किंवा गॅट-बी ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा द्यावी. बेंगळुरूची आयआयएस्सी, एनसीबीएस आणि निमहान्स, तसंच मानेसरची एनबीआरसी, या संस्थांच्या संकेतस्थळांवर कोण कशावर काम करतंय ते तिने आतापासूनच बघावं. कॉलेजात गेल्यावर तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करावा. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काढले की आवड खरी की वरवरची, हे तिला स्वतःलाच कळेल.

बीएस्सीच्या प्रवेशाची यादी लागायच्या आत तिला स्वतःच्या हाताने एक पान लिहायला सांगा : वेदनेबद्दल मला नेमकं काय जाणून घ्यायचंय. ते मला पाठवा, मी तिला थेट उत्तर लिहीन.